ऐकलेला दुष्काळ

२ जून २०२४, रविवार

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आज चौथा दिवस. थेंब दिवसातून सहा वेळा, डोक्यावरून पाणी नाही, खाली वाकायचं नाही आणि पुस्तकाला हात लावायचा नाही. शेवटचं पथ्य डॉक्टरांनी सांगितलं त्याहून हिने जास्त कडक केलंय. रोजनिशीला संध्याकाळची पंधरा मिनिटं मिळतात, तीही घासाघीस करून.

दुपारी डब्लिनहून मुलीचा फोन. "बाबा, डोळे मिटा आणि कान उघडा." तिच्या खात्यावरची पुस्तकं आता माझ्या फोनवर ऐकता येतात. पहिलं तिनेच निवडून ठेवलंय: आयर्लंडमधल्या १८४५ च्या दुष्काळाचा इतिहास. म्हटलं, "अगं, मी माणचा माणूस. मला काय दुष्काळ ऐकवतेस?" म्हणाली, "म्हणूनच."

५ जून, बुधवार

वाचणारा तिकडचाच असावा. 'थ'चा 'ट' करतो. माझं इंग्रजी सरकारी परिपत्रकांवर वाढलेलं. कुणी ते असं गाण्यासारखं बोलेल याची कानाला सवय नाही. वेग पाऊणपट केला. आता तो दारू प्यायल्यासारखा बोलतो, पण कळतो. पहिल्या खेपेला निम्मं, दुसऱ्या खेपेला पाऊण.

छापील पुस्तकात अनोळखी गाव आलं की डोळा त्यावरून घसरून पुढे जातो. कानाला ती सोय नाही. गॉलवे, रॉसकॉमन, स्किबरीन. नाव पुरतं ऐकावंच लागतं, आणि स्पेलिंग माहीत नसल्याने नकाशात शोधताही येत नाही. 'मेयो' ऐकलं आणि मला आठवलं नागपूरचं मेयो रुग्णालय. रात्री मुलीला विचारलं, तर तार खरंच जुळलेली निघाली. मेयो हा आयर्लंडच्या पश्चिमेचा परगणा. १८७२ मध्ये अंदमानात खून झालेला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आयरिशच, सरदारकीचं नाव तिथलं. रुग्णालयाला त्याचं नाव. पन्नास वर्षं मी तो शब्द उच्चारतोय आणि तो एका दुष्काळी मुलखाचा आहे हे आज कळलं.

९ जून, रविवार

कधी नव्हे ते हीसुद्धा ऐकत बसली. गवार मोडत होती. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, म्हणून मी थांबवून थांबवून सांगतो.

तिकडे गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर. कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत जमलं तर ताक. 'लंपर' नावाची एकच जात बहुतेक गरिबांच्या वावरात, कारण ती निकस जमिनीतही भरपूर धरायची. १८४५ च्या पावसाळी हवेत करपा आला. पानं काळी पडली, जमिनीतला बटाटा काढला तर चिखल. त्या साली पिकाचा मोठा हिस्सा गेला आणि १८४६ ला जवळजवळ सगळंच.

"म्हणजे पाऊस होता?" हिने विचारलं.

होता. भरपूर होता. करप्याला ओलच लागते. दुष्काळ म्हणजे कोरडं आभाळ, एवढंच आमचं व्याकरण. पावसात भिजत माणसं उपाशी मेली, हे वाक्य मराठीत सांगताना माझीच जीभ अडखळली.

१४ जून, शुक्रवार

आज फजिती झाली. जेवून आडवा झालो, कानात पुस्तक चालू, डोळा लागला. जाग आली तेव्हा १८४६ चं १८४९ झालं होतं. पुस्तक हातातून गळून पडलं तर निदान पान तरी तिथंच राहतं. हा मात्र ऐकणारा घोरतोय की मेलाय याची पर्वा न करता सांगत राहतो. माझ्या दीड तासाच्या झोपेत लाखो माणसं मेली.

बोटाने मागे नेत नेत पुन्हा १८४६ च्या हिवाळ्यापाशी आणून ठेवलंय.

२३ जून, रविवार

गेले चार दिवस एकच प्रकरण ऐकतोय, कारण ते माझ्या खात्याचं आहे.

सरकारने फुकट धान्य वाटायचं नाही, कामं काढायची असं ठरवलं. रस्ते फोडा, दगड फोडा, टेकड्या उतरवा, मग मजुरी. मार्च १८४७ मध्ये अशा कामांवर सात लाखांहून जास्त माणसं होती. मजुरी मापावर. उपाशी माणसाचं माप कमी भरणार, माप कमी भरलं की मजुरी कमी, मजुरी कमी की उद्याचं माप आणखी कमी. त्यात बाजारात धान्य कडाडलेलं. पगार वेळेवर नाही, कारण मापं घेणारे कमी आणि कागद जास्त. कित्येक रस्ते कुठेच न जाणारे, माळावर सुरू होऊन माळावरच संपणारे. ते अजून तिथे दिसतात म्हणे.

मी नोकरीला लागलो तो रोजगार हमीवर, हजेरी सहायक म्हणून. हजेरीपट, मापाचं पुस्तक, ब्रासचा हिशेब, शनिवारचा पगार पुढच्या शनिवारवर जाणं. वाचणारा ते सगळं त्याच्या गोड चालीत सांगत होता आणि मला पुढचं वाक्य आधीच येत होतं. आणि कुठेच न जाणारा रस्ता? आमच्या माणमध्ये 'दुष्काळी रस्ता' म्हटलं की पोरंही हसतात.

३० जून, रविवार

या गोष्टीतल्या एका नावाने मला पछाडलंय. चार्ल्स ट्रेव्हेलियन. लंडनच्या खजिन्यातला वरिष्ठ अधिकारी; मदतीच्या पैशावर त्याची मांड. खाजगी व्यापाराला धक्का लागू नये, लोकांना फुकटाची सवय लागू नये, ही त्याची चिंता. हा माणूस त्याआधी कंपनीच्या चाकरीत दिल्ली-कलकत्त्यात होता, आणि आयर्लंडनंतर १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन परत आला. विचारांची पेटीही जहाजातून सोबत गेली-आली असणार.

कारण पुढे तेच आपल्याकडे. १८७४ च्या बिहारच्या टंचाईत रिचर्ड टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, माणसं वाचवली आणि उधळपट्टीबद्दल वरून बोलणी खाल्ली. मग १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळात तोच टेंपल मजुराची मजुरी कापायला निघाला: दिवसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. आपल्याकडच्या मजुरांनी त्यावर कामं सोडली होती, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली होती. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण तेव्हा ते 'आपल्या' इतिहासातलं एक कलम होतं. त्याला तीस वर्षं आधीचं एक बेट जोडलेलं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, तिच्या ऑफिसच्या वाटेवर लिफी नदीच्या काठाला काशाचे पुतळे आहेत. हाडं निघालेली माणसं जहाजाकडे चालली आहेत, मागे एक कुत्रं. दोन वर्षं ती त्यांच्या शेजारून जातेय. "आता रोज एका पुतळ्यापाशी थांबते," म्हणाली.

८ जुलै, सोमवार

आई गावाहून आली. ब्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, कान तेवढे शाबूत. म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर एकटीच राहते, पावसाळ्यात इथे साताऱ्याला येते. माझ्या कानातल्या वायरीकडे बघून म्हणाली, "आप्पा, कुनाचं ऐकतुयास रं दिसभर?"

सांगितलं. एका बेटाचा दुष्काळ. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा.

"खायाला काय दिलं त्यास्नी?"

सगळ्यांनी मला इतिहासाबद्दल काहीबाही विचारलंय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सांगितलं की पील नावाच्या पंतप्रधानाने गुपचूप एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून आणवला. लोकांनी तो कधी खाल्लेला नव्हता. कसा दळायचा, किती शिजवायचा ठाऊक नाही. पोटं बिघडली. पिवळा रंग बघून लोक त्याला 'पीलचं गंधक' म्हणू लागले.

आई हसायला लागली. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. "आरं, मिलोच की!"

मिलो. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, तव्यावर उलथताना फाटायची, पोटात गेल्यावर दगड. मी दहा वर्षांचा होतो. तिची चव विसरलो असं मला वाटत होतं.

१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

आईने उपासाला बटाटेच मागितले. साबुदाणा आता पचत नाही. हिने जिऱ्यावर परतून, दाण्याचं कूट घालून दिले.

ताटलीकडे बघत आई म्हणाली, "त्यास्नी ह्योबी मिळाला न्हाय." आणि खाल्ले. टाकणं तिच्या रक्तात नाही.

मला मात्र घास गिळवेना. आपण बटाटा खाऊन उपास करतो. त्यांचं जेवणच तेवढं होतं आणि ते गेल्यावर तो उपास सुटला नाही. त्यात एक गोष्ट सगळ्यात जास्त बोचते. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने ठिकठिकाणी कढया चढवल्या, आणि जुलैपर्यंत रोज तीस लाखांच्या आसपास माणसांना सूप मिळू लागलं. म्हणजे जमत होतं. यंत्रणा होती, हात होते, पातेली होती. मग शरदात कढया उतरवल्या आणि भार स्थानिक कराच्या पैशावर आणि निराधारांसाठीच्या वर्कहाउसवर टाकला.

आईला एवढं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "चूल पेटवून इझीवली? त्यापरीस न पेटवलेली बरी."

२४ जुलै, बुधवार

बाहेर चार दिवस धो धो पाऊस. अजिंक्यतारा दिसत नाही. दार लावून आत १८४७ चालू.

आज एक कायद्याचं कलम ऐकलं. ज्याच्या ताब्यात पाव एकरापेक्षा जास्त जमीन, त्याला सरकारी मदत नाही. मदत हवी तर आधी जमीन सोड. वाचणारा 'क्वार्टर एकर' म्हणाला आणि मी मनात हिशेब केला: दहा गुंठे.

आईला सांगितलं, "दहा गुंठ्याच्या वर रान असेल तर धान्य नाही. रान सोडायचं, मग धान्य."

ती भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली. "आपलं चार येकर हुतं."

हो, चार एकर, जिरायत, बहात्तरला त्यात कुसळसुद्धा उगवलं नव्हतं. वडील मुंबईला गिरणीत, मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. आई खडीवर जायची. हाताला सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून दगड फोडायची. मी दुपारी सुकडी खायला तिथे जायचो, तोंडाला चिकटणारी गोडसर पूड. हे सगळं मी आजवर शेकडो वेळा सांगितलंय, दुःखाची गोष्ट म्हणून. पाटलाच्या घरची बाई आणि महारवाड्यातली बाई एका ओळीत बसून खडी फोडत होत्या, हेही 'काय दिवस आले होते' अशा सुरात.

आई म्हणाली, "रान सोड म्हनलं असतं, तर आज तू साताऱ्यात नसतास. आमास्नी कुनी न्हाय इचारलं रान हाय का. नाव सांग म्हनला मुकादम. मी म्हनलं, अमक्याची बायकू. तर म्हनला, तुजं नाव सांग. पयल्यांदा कुनीतरी कागदावर माजं नाव लिवलं, आप्पा."

मी तीस वर्षं हजेरीपट लिहिले. हजारो बायकांची नावं लिहिली असतील. लिहिताना मला तो फक्त कागद दिसला.

आज रात्री झोप लागली नाही, म्हणून उठून हे लिहितोय. मोठ्या अक्षरात, पथ्य मोडून. तीच हत्यारं होती: अमेरिकेचं धान्य, दगड, रस्ते, मापं, उशिरा मिळणारा पगार. तिकडे दहा लाख माणसं मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. आमच्याकडे गुरं गेली, घरं रिकामी झाली, हाल झाले. पण मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती, आणि भुकेने माणसं मरणं बहुतांशी टळलं. कामं वस्तीपासून चालत जाण्याइतकी जवळ, येईल त्याला काम, आणि रान सोड म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण खडी फोडणाऱ्याला मत होतं आणि मोर्चे निघत होते. त्यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला, आणि त्यातूनच माझी नोकरी. बहात्तरला मी कायम देवाचा कोप समजत आलो. माणसांनी काहीतरी बरं केलं होतं, हे कळायला मला एका परक्या बेटाचं वाईट ऐकावं लागलं.

३१ जुलै, बुधवार

काल रात्रीचं लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

मेयो परगणा, मार्च १८४९ चा शेवट. लुईसबर्ग गावात शेकडो उपाशी माणसं जमली. मदत चालू ठेवायची तर पाहणी होणं गरजेचं. पाहणी करणारे साहेब डेल्फी नावाच्या बंगल्यावर, डोंगरापलीकडे. तिथे या, असा हुकूम. माणसं गारठ्यातून, वाऱ्यातून चालत गेली. साहेब जेवत होते. मग काही न देता परत पाठवलं. येताना डूलॉक नावाच्या तळ्याच्या काठाने माणसं पडत गेली. किती, यावर अजूनही एकमत नाही.

छापील पुस्तकात हे पान मी पटकन उलटलं असतं. इथे उलटायला पान नव्हतं. वाचणाऱ्याचा आवाज तसूभरही चढला नाही, उतरला नाही.

१९८८ किंवा ८९ असेल. एका तलावाच्या कामाचा पगार वरच्या सहीसाठी अडकला होता. मजूर बायकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, ऑफिसला येऊन चौकशी करा. अकरा किलोमीटर. त्या आल्या, साहेब नव्हते. पुन्हा बोलावलं, पुन्हा नव्हते. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा मी डबा खात होतो, आणि त्यांना झाडाखाली थांबायला सांगितलं.

कुणी मेलं नाही. पुढच्या आठवड्यात पगार झाला. पण डबा मी पुरा खाल्ला होता, ते काल आठवलं.

आईला हा भाग मराठीत सांगितला नाही. म्हटलं, आज पुस्तक पुढे गेलंच नाही. ती म्हणाली, "खोटं बोलतुयास. पर ऱ्हाऊ दे."

५ ऑगस्ट, सोमवार. श्रावण सुरू

गावात श्रावणात देवळात पोथी लावायचे. एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बायका वाती वळत ऐकायच्या. आई आज कापूस घेऊन बसली आणि म्हणाली, "लाव तुजी पोथी." मग लक्षात आलं, दोन महिने मी तेच करतोय. वाचणारा डब्लिनकडचा, अर्थ सांगणारा मी. आणि खरं सांगायचं तर अर्थ सांगायला लागल्यावरच मला कळायला लागलं. एकट्याने ऐकलं तेव्हा वाक्यं नुसती कानावरून जात होती; तिच्या "म्हंजी काय?"पाशी थांबलो की समजायचं, मलाच समजलेलं नाही.

शेवटचं प्रकरण. दूरवरून आलेल्या मदतीचं. सगळ्यात आधी आलेल्या वर्गण्यांत कलकत्त्याची वर्गणी होती, तिथल्या आयरिश शिपायांनीही पैसे घातले होते. अमेरिकेतले चॉक्टॉ आदिवासी, ज्यांना थोड्याच वर्षांपूर्वी त्यांच्या मुलखातून हाकलून शेकडो कोस चालवत नेलं होतं आणि वाटेत ज्यांची हजारो माणसं मेली होती, त्यांनीही १८४७ मध्ये वर्गणी काढून पाठवली. आता आयर्लंडमध्ये मिडलटन गावी त्यांच्या आठवणीला पोलादी पिसांचं शिल्प आहे.

"चाललेल्यालाच चालनाऱ्याचं कळतं," आई म्हणाली आणि वात वळली.

मग आकडे. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर जवळपास ८२ लाख माणसं. १८५१ ला साधारण ६५ लाख. आणि आजही सगळं बेट धरलं तरी १८४१ ची संख्या भरून निघालेली नाही. तिला लाखांचा अंदाज येत नाही, म्हणून म्हटलं, आपली आळी आहे असं समज, पाच घरांतलं एक घर दहा वर्षांत रिकामं झालं, आणि अजून आळी पहिल्यासारखी भरलेली नाही.

तिने मान हलवली. बाहेर सर येऊन गेली होती, पागोळ्या चालू होत्या. डोळ्याचं पथ्य आता संपलंय, कपाटातली पुस्तकं मोकळी झाली आहेत. तरी फोन हातात घेतला. मुलीने यादीत बरंच काही भरून ठेवलंय: इथिओपिया, हैती, कोरिया, रशिया, बंगालचा त्रेचाळीसचा दुष्काळ.

"आता कुठला देश लावू?" मी विचारलं.

आईने वळलेल्या वाती मोजल्या, जुडी बांधली आणि म्हणाली, "जितं पाऊसबी बरा आन राजाबी बरा, असल्या मुलखाचं लाव."

मी अजून यादी खालीवर करतोय.